जन्म आणि बारसें : एका जाझ-संग्रहाची कथा

इतिहासांतील युगांचीं नांवें बहुधा त्या युगांतील माणसांनीं ठेवलेलीं नसतात. मोरोपंत आर्या रचीत बसले होते तेव्हां आपण 'पंडिती काव्या'च्या सदरांत मोडणार आहों, याची त्यांना वार्ताही नव्हती; बखरी लिहिणाऱ्या कारकुनांस आपण मराठी गद्याचा पाया घालीत आहों असें स्वप्नांतही वाटलें नसेल. काम करणारा काम करून जातो. मागाहून येणारा संग्राहक तें काम गोळा करतो, त्यास बांधणी देतो, आणि बांधणीच्या पुठ्ठ्यावर एक नांव छापतो. पुढच्या पिढ्या मग तें नांव वाचतात व नांवावरून इतिहास शिकतात. ही रीत अपरिहार्य आहे, आणि बऱ्याच अंशीं उपकारकही आहे. तथापि नांव देणाराचा हेतु काय होता, नांवांत काय सामावलें आणि काय गळून गेलें, याची मधूनमधून झडती घेणें हें इतिहासाच्या अभ्यासकाचें कर्तव्यच होय.

अशी झडती घेण्यास योग्य असें एक उदाहरण आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. तें वाङ्मयाच्या प्रांतांतलें नसून संगीताच्या प्रांतांतलें आहे, आणि आपल्या देशांतलें नसून अमेरिकेंतलें आहे. १९५७ सालीं 'कॅपिटॉल' या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीनें मोठ्या आकाराची, सावकाश फिरणारी एक तबकडी विक्रीस आणली. तिच्यावर जाझ संगीताच्या अकरा लहान रचना होत्या. सगळ्या मिळून वेळ पस्तीस मिनिटांच्या आसपास. मुखपृष्ठावर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याचें छायाचित्र व नांव, आणि शीर्षक 'बर्थ ऑफ द कूल'. 'कूल' या शब्दाचा अर्थ नुसता 'थंड' असा केला तर तो अपुरा पडेल. भावना आंत पेटलेली असतांही चेहऱ्यावर तिची आंच दिसूं न देणारी जी एक संयत वृत्ति, तिला अमेरिकेच्या कृष्णवर्णी समाजांत हें विशेषण लागत असे. तेव्हां शीर्षकाचा आशय 'संयत शैलीचा जन्म' असा घ्यावा.

आतां गंमत अशी, कीं या अकरांपैकीं एकही रचना नवी नव्हती. त्यांतली सर्वांत धाकटी होती तीही सात वर्षांपूर्वीं मुद्रित झालेली होती. म्हणजे जन्म १९४९-५० सालचा आणि बारसें १९५७ सालचें! इतक्या उशिरां हें बारसें कां झालें, तें कोणीं केलें, आणि पाळण्यावर एकाचेंच नांव कां लागलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जाझची पूर्वपीठिका येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत, विशेषतः न्यू ऑर्लीन्स शहरांतील कृष्णवर्णी समाजांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं हें संगीत आकारास आलें, आणि १९३० नंतरच्या दशकांत मोठमोठ्या वाद्यवृंदांच्या द्वारें नृत्यगृहांत व नभोवाणीवर त्यानें सबंध देश जिंकला. आपल्या संगीताशीं त्याचें एक नातें सांगण्यासारखें आहे. त्यांतही एक ठरलेली चीज असते आणि तिच्या आधारानें वादक आयत्या वेळीं उपज करीत जातो. फरक इतकाच, कीं ही उपज एका षड्जाच्या आधारानें न होतां चिजेखालून ओळीनें बदलत जाणाऱ्या स्वरसमूहांच्या आधारानें होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत न्यूयॉर्कमधील चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस माँक प्रभृति तरुणांनीं या कलेंत क्रांति घडविली. तिला 'बीबॉप' असें नांव पडलें. लय अतोनात वाढली, स्वरसमूह गुंतागुंतीचे झाले, नाचणारा बाजूस सरला आणि ऐकणारा पुढें आला. चीज आरंभीं व शेवटीं सर्वांनीं एकसुरांत वाजवावयाची, आणि मधला सगळा वेळ एकामागून एक वादकानें आपापलें बुद्धिसामर्थ्य दाखवीत जावयाचें, असा बीबॉपचा सांचा ठरून गेला. सांचा तेजस्वी होता; परंतु त्यांत समूहाला समूह म्हणून करण्यासारखें फारसें उरत नसे.

माइल्स डेव्हिस या सांच्यांतच वाढला. २६ मे १९२६ रोजीं इलिनॉय संस्थानांत जन्मलेला हा मुलगा १९४४ सालीं न्यूयॉर्कच्या जूलियार्ड संगीतशाळेंत आला, आणि पुढल्याच वर्षीं शाळेचा अभ्यास सोडून पार्करच्या साथीस उभा राहिला. गिलेस्पीच्या ट्रंपेटची झेप वरच्या सप्तकांत विजेसारखी असे. डेव्हिसचा ओढा मधल्या सप्तकाकडे, मोजक्या सुरांकडे आणि सुरांमधल्या विश्रांतीकडे होता. गुरूच्या वेगाशीं स्पर्धा करण्यापेक्षां आपल्या स्वभावाला मानवेल अशी जागा तो शोधीत होता, आणि ती त्याला अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडली.

न्यूयॉर्कच्या पंचावन्नाव्या रस्त्यावर एका चिनी धोब्याच्या दुकानामागें तळघरांत एक खोली होती. तींत गिल एव्हन्स नांवाचा गृहस्थ राहात असे. वयानें तो इतरांहून दहापंधरा वर्षांनीं वडील. पेशानें 'अरेंजर', म्हणजे चिजेचे सूर निरनिराळ्या वाद्यांत वांटून देणारा, वाद्यमेळाची बांधणी करणारा. त्याच्या खोलीचें दार रात्रंदिवस उघडें असे, आणि तेथें येऊन बसणाऱ्यांत डेव्हिस, बॅरिटोन सॅक्सोफोन वाजविणारा जेरी मलिगन, पियानोवादक जॉन लुइस, ट्रंपेटवादक जॉनी करिसी, संगीतशास्त्राचा अभ्यासक जॉर्ज रसेल अशी मंडळी होती. पार्करही अधूनमधून येई. बीबॉपची बुद्धिमत्ता सोडावयाची नाहीं, परंतु ती अधिक सौम्य आणि अधिक रंगीबेरंगी नादांत उतरवावयाची, हा तेथल्या चर्चेचा विषय. ही चर्चा १९४७-४८ च्या सुमारास त्या खोलींत चालली होती, आणि ज्याला आपण 'जन्म' म्हणतों त्याचें सुइणघर कोणतें असा प्रश्न केल्यास आम्ही या तळघराकडे बोट दाखवूं.

एव्हन्स हा क्लॉड थॉर्नहिल याच्या वाद्यवृंदाचा अरेंजर होता. थॉर्नहिलनें जाझमध्यें सहसा न आढळणारीं दोन वाद्यें आपल्या वृंदांत बसविलीं होतीं: पाश्चात्त्य अभिजात वृंदांतलें फ्रेंच हॉर्न आणि लष्करी बँडमधला अजस्र ट्यूबा. वादकांनीं सुराला कंप न देतां तो सरळ, स्थिर, ढगासारखा तरंगत ठेवावा अशी त्याची पद्धति होती. हा नाद सर्वांना मोहवीत असे. पण एवढा मोठा वृंद पोसणार कोण? तेव्हां प्रश्न असा निघाला, कीं थॉर्नहिलच्या नादाचे सगळे रंग राहतील अशीं कमींत कमी वाद्यें किती? उत्तर निघालें नऊ: ट्रंपेट, ट्राँबोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, आल्टो सॅक्सोफोन, बॅरिटोन सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. यांतलीं सहा फुंकून वाजविण्याचीं, आणि त्या सहांत उंच, मध्यम व खर्ज अशा जोड्या. ट्यूबासारखें जड वाद्य येथें नुसता ठेका धरीत नाहीं, तर इतरांच्या बरोबरीनें चीज गातें. 'गॉडचाइल्ड' या रचनेच्या आरंभीं ट्यूबा आणि बॅरिटोन सॅक्सोफोन यांच्या खर्जांतून चीज जी हळूच वर चढत येते, ती ऐकली म्हणजे हा शोध किती नामी होता तें कळतें.

या नऊ वाद्यांसाठीं लिहिलेल्या रचनांत उपज व पूर्वलिखित भाग यांचा संबंध नव्यानें जुळविलेला आहे. एकट्यानें केलेली उपज सुरू असतांही मागें मेळ स्वस्थ बसत नाहीं. तो मध्येंच डोकावतो, तिला वळण देतो, आणि कोठें एकट्याचें संपलें व कोठें सर्वांचें सुरू झालें याचा सांधा दिसूं देत नाहीं. मलिगनच्या 'जेरू'मध्यें चरणांची ठराविक लांबी मोडलेली असून मधूनच तालाच्या मात्रा बदलतात, तरी ऐकणाऱ्यास धक्का बसत नाहीं. एव्हन्सनें बांधलेल्या 'मून ड्रीम्स' या मंद गीताच्या अखेरीस चीज विरघळून जाते. एक सूर लांबत राहतो आणि त्याच्याभोंवतीं बाकीचे सूर पायरीपायरीनें खालीं सरकत जातात, जणूं दिवेलागणीच्या वेळीं आकाशाचा रंग पालटत जावा. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवर इतका मोठा अवकाश मावूं शकतो, हें ऐकल्यावांचून पटण्यासारखें नाहीं.

कल्पना अनेकांची असली तरी ती प्रत्यक्षांत आणण्याचें काम कोणा एकानें अंगावर घ्यावें लागतें. तें डेव्हिसनें घेतलें. तालमीची जागा ठरविणें, माणसें जमविणें, काम मिळविणें या सर्व खटपटी त्याच्या, हें मलिगननेंही पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. १९४८ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील 'रॉयल रूस्ट' या क्लबांत काउंट बेसीच्या प्रसिद्ध वृंदाबरोबर या नऊ जणांना सुमारें दोन आठवड्यांचें काम मिळालें. त्या वेळची एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. क्लबच्या दाराबाहेर जी पाटी लावली होती तिच्यावर माइल्स डेव्हिसच्या नांवाबरोबर मलिगन, एव्हन्स आणि लुइस या तिघा अरेंजरांचीं नांवें, रचना त्यांच्या आहेत असें सांगून, लिहिलेलीं होतीं. असें पूर्वीं सहसा कोणीं केलें नव्हतें, आणि तें डेव्हिसच्या आग्रहावरून झालें. वाचकांनीं ही पाटी ध्यानांत ठेवावी. तिची आठवण आपल्याला पुढें करावयाची आहे.

लोकांस हें संगीत फारसें रुचलें नाहीं, असेंच म्हणावें लागतें. काम पुढें चाललें नाहीं. तें मुद्रित करून ठेवण्याचीही त्या वेळीं सोय नव्हती. कारण अमेरिकेंतील वादकांच्या संघटनेनें १ जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता, आणि तो डिसेंबरांत उठला. बहिष्कार उठतांच कंपन्या नव्या मालाच्या शोधास लागल्या. कॅपिटॉल ही १९४२ सालीं लॉस एंजेलिस येथें निघालेली तरुण कंपनी. बीबॉपचा बोलबाला होता. आपल्याही यादींत कांहीं आधुनिक जाझ असावें असें तिला वाटलें. कंपनीच्या वतीनें पीट रूगोलो या जाणत्या संगीतकारानें या नऊ जणांशीं बारा बाजूंचा करार केला.

मुद्रणाच्या तीन बैठकी झाल्या: २१ जानेवारी १९४९, २२ एप्रिल १९४९ आणि ९ मार्च १९५०. प्रत्येक बैठकींत चार रचना. परंतु 'नऊ जण' म्हणून ज्यांचा आपण उल्लेख करतों ते तिन्ही बैठकींत तेच नव्हते. डेव्हिस, मलिगन, आल्टो सॅक्सोफोनवर ली कॉनिट्झ आणि ट्यूबावर बिल बार्बर एवढे चौघेच सर्वत्र हजर आहेत. ट्राँबोनवर प्रथम काय विंडिंग व नंतर जे. जे. जॉन्सन, फ्रेंच हॉर्नवर प्रत्येक वेळीं निराळा माणूस, आणि त्यांतला शेवटचा गुंथर शुलर हा मेट्रोपोलिटन ऑपेराच्या वृंदांत वाजविणारा अभिजात वादक, ड्रमवर मॅक्स रोच आणि एका बैठकीस केनी क्लार्क, पियानोवर अल् हेग, मग जॉन लुइस, बासवर तीन बैठकींत तिघे. एकूण वादक सोळा, आणि एका गीतापुरता गायक केनी हॅगूड. या सोळांत कृष्णवर्णी व गौरवर्णी जवळजवळ निम्मेनिम्मे होते. ज्या काळीं अमेरिकेंतील पुष्कळ ठिकाणीं दोन वर्णांच्या माणसांस एका मेजावर जेवावयास बसतां येत नसे, त्या काळची ही गोष्ट आहे. कॉनिट्झसारख्या गोऱ्या वादकास घेतल्याबद्दल कांहीं कृष्णवर्णी वादकांनीं डेव्हिसला बोल लावला. कारण काम मिळण्याची मारामार त्यांच्याच नशिबीं होती. डेव्हिसचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच, कीं वाजवणारा चांगला असला म्हणजे त्याचा रंग कोणताही असो. दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत.

मुद्रिका जशा तयार झाल्या तशा कंपनीनें त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर सुट्या सुट्या विकावयास काढल्या. एका बाजूस एक, दुसऱ्या बाजूस एक. खप बेताचा झाला, आणि कांहीं रचना तर त्या वेळीं बाहेरच पडल्या नाहींत. करार संपला, मंडळी पांगली. मलिगन पुढें कॅलिफोर्नियांत गेला आणि तेथें १९५२ सालीं चेट बेकर या ट्रंपेटवादकाबरोबर पियानोविरहित चौकडी काढून विख्यात झाला. त्याच वर्षीं लुइसची 'मॉडर्न जाझ क्वार्टेट' उभी राहिली. डेव्हिस मात्र हेरॉइनच्या व्यसनांत सांपडला आणि त्याचीं चारपांच वर्षें हालांत गेलीं. विकत घेणारे सामान्य लोक थोडे, तरी कानांत तेल घालून ऐकणारे वादक पुष्कळ, असें या तबकड्यांचें झालें. शॉर्टी रॉजर्सनें १९५१ सालीं कॅपिटॉलसाठींच केलेल्या मुद्रिकांत फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा हीं वाद्यें पुन्हां दिसतात. तीं कोठून आलीं हें सांगावयास नको.

मध्यंतरीं एक यांत्रिक क्रांति घडली. १९४८ सालीं 'कोलंबिया' कंपनीनें मिनिटाला तेहतीस व एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घकाल वाजणारी तबकडी काढली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. 'आल्बम' हा शब्द पूर्वीं तबकड्या ठेवण्याच्या पिशव्यांच्या जाड वहीस लावीत. आतां एक तबकडी म्हणजेच एक आल्बम झाला. कंपन्यांच्या कोठारांत पडलेल्या सुट्या मुद्रिकांना त्यामुळें अकस्मात् नवें मूल्य आलें. वादकास पुन्हां बोलवावयास नको, स्टुडिओचें भाडें नको; असलेले तुकडे जुळवून नवा माल तयार! कॅपिटॉलनें १९५४ सालीं यांतल्या आठ रचना दहा इंची तबकडीवर काढल्या. त्या वेळीं नांव होतें 'क्लासिक्स इन जाझ', एका मालेचें सर्वसाधारण नांव. त्यांत जन्माची भाषा नव्हती.

पुढील तीन वर्षांत दोन गोष्टी घडल्या. डेव्हिस व्यसनांतून बाहेर आला, १९५५ च्या न्यूपोर्ट महोत्सवांत लोकांच्या डोळ्यांत भरला, आणि कोलंबियासारख्या बड्या कंपनीनें त्यास करारबद्ध केलें. दुसरी गोष्ट, 'कूल' हा शब्द बाजारांत चांगलाच रुळला. कॅलिफोर्नियांतील बहुतेक गौरवर्णी अशा वादकांचें सौम्य जाझ महाविद्यालयीन तरुणांत लोकप्रिय झालें. १९५४ सालीं पियानोवादक डेव्ह ब्रूबेक 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. अशा वेळीं कॅपिटॉलच्या कोठारांत काय होतें? प्रसिद्धीस चढलेल्या डेव्हिसच्या जुन्या मुद्रिका, आणि लोकप्रिय झालेल्या शैलीचें मूळ. दोहोंची सांगड एका शीर्षकांत घातली गेली. त्यांत व्यापाराचा डाव होता यांत शंका नाहीं. पण डाव खेळणाऱ्याला कानही होता, हें मान्य केलें पाहिजे. गायन असलेली बारावी रचना 'डार्न दॅट ड्रीम' वगळून बाकी अकरा घेतल्या. त्याही काळाच्या क्रमानें लावल्या नाहींत: आरंभीं पहिल्या बैठकींतील 'मूव्ह' आणि 'जेरू', लगेच शेवटच्या बैठकींतील 'मून ड्रीम्स', मग मधल्या बैठकींतील 'व्हीनस डी मायलो'. सव्वा वर्षांत तीन निरनिराळ्या दिवशीं, वेगवेगळ्या संचांनीं केलेलें काम जणूं एका बैठकींतून, एका मनांतून निघालें असा भास त्यामुळें उत्पन्न झाला. सुट्या तबकड्यांचा पुंजका होता. त्याचा ग्रंथ झाला.

आतां नांवाची झडती घेऊं. 'जन्म' हा शब्द कितपत खरा? संयत शैलीचें बीज कोणा एका दिवशीं, एका स्टुडिओंत पडलें असें म्हणतां येत नाहीं. काउंट बेसीच्या वृंदांतील लेस्टर यंगनें १९३० नंतरच्या दशकांतच टेनर सॅक्सोफोनवर हलका, अनाग्रही, मागें रेंगाळणारा सूर लावून दाखविला होता. अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टानो आणि त्याचे शिष्य १९४९ सालीं याच कॅपिटॉल कंपनीसाठीं मुद्रण करीत होते, आणि कॉनिट्झ हा तर त्याचाच शिष्य. थॉर्नहिलचें ऋण वर सांगितलेंच आहे. म्हणजे गंगोत्री एक नसून अनेक झरे आहेत. शीर्षकानें त्यांतल्या एकास गंगोत्री ठरविलें. दुसरें असें, कीं खुद्द या अकरा रचना सर्वस्वीं 'थंड' कोठें आहेत? 'मूव्ह' आणि 'बूडो' यांत बीबॉपचें रक्त चांगलेंच उसळतें. मॅक्स रोचचे ड्रम ऐकून संयमाची आठवण कोणास होईल असें वाटत नाहीं. नांव आधीं वाचून ऐकणाऱ्यास मात्र थंडावाच ऐकूं येतो. नांवाचें सामर्थ्य हें असें आहे.

तिसरी आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्रेयाची. या बारा रचनांचा हिशेब मांडला तर निम्म्याच्या आसपास बांधणी मलिगनची आहे, आणि मुद्रणाच्या वेळीं तो बावीसतेवीस वर्षांच्या आंतला तरुण होता. 'मूव्ह', 'बूडो' व 'रूझ' या तीन लुइसच्या, 'बॉप्लिसिटी' व 'मून ड्रीम्स' एव्हन्सच्या, 'इस्रायल' करिसीची. 'बॉप्लिसिटी'ची चीज डेव्हिस आणि एव्हन्स यांनीं मिळून रचिली, पण तबकडीवर कर्ता म्हणून 'क्लिओ हेन्री' हें नांव आलें, जें डेव्हिसच्या आईच्या नांवावरून घेतलेलें टोपणनांव होय! मुखपृष्ठावर मात्र एकच नांव. १९४८ सालीं क्लबच्या पाटीवर असलेलीं तिघांचीं नांवें १९५७ सालच्या मुखपृष्ठापर्यंत येतां येतां वाटेंत गळाली. बाविशीच्या डेव्हिसनें जी न्यायबुद्धि दाखविली ती कंपनीच्या विक्रीखात्यास परवडण्यासारखी नव्हती, असें म्हणावें काय? व्यापाराला एक चेहरा लागतो, हें खरें. परंतु जें संगीत मुळांतच 'एकट्यापेक्षां मेळ श्रेष्ठ' हें सांगण्यासाठीं जन्मास आलें, त्याच्यावर एकट्याचा चेहरा छापला जावा, हा इतिहासाचा विनोद म्हटला पाहिजे.

या विनोदाला दुसरीही बाजू आहे, आणि ती दृष्टीआड करणें अन्यायाचें होईल. संयत शैलीचा आर्थिक लाभ बव्हंशीं गौरवर्णी वादकांच्या पदरीं पडला होता. अशा वेळीं तिच्या जन्माचा दाखला एका कृष्णवर्णी नायकाच्या नांवें निघाला, हें योग्यच झालें. डेव्हिसनें पुढें आपल्या आत्मचरित्रांत या संगीताचीं मुळें कृष्णवर्णी परंपरेंत, ड्यूक एलिंग्टनमध्यें आहेत असें आग्रहानें सांगितलें. तेव्हां मुखपृष्ठ एकीकडे अन्याय करतें आणि दुसरीकडे एक अन्याय निवारतें. इतिहासाचीं पानें अशींच दुहेरी असतात. एका बाजूचा मजकूर वाचून निकाल देणारा न्यायाधीश घाईचा म्हणावा लागेल.

मुंबईच्या चित्रपटसंगीताचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस श्रेयाचा हा प्रश्न परका वाटणार नाहीं. मुंबईच्या हॉटेलांतून जाझ वाजविणारे गोमंतकीय वादकच पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांसारख्या गोमंतकीय अरेंजरांनीं रात्र रात्र जागून ज्या गाण्यांचे मेळ कागदावर उतरविले, त्यांच्या तबकड्यांवर गायकाचें व संगीतदिग्दर्शकाचें नांव असे. गाणें घरोघर गेलें. मेळ बांधणारा बहुधा स्टुडिओच्या दारांतच राहिला. रॉयल रूस्टची पाटी आम्हांस मोलाची वाटते ती यामुळेंच.

इतकें सारें म्हटल्यावर संग्राहकाचे उपकारही मोकळ्या मनानें मानले पाहिजेत. सुट्या तबकड्या फुटतात, झिजतात, रद्दींत जातात. १९५७ चा संग्रह निघाला नसता तर हें संगीत जुन्या मुद्रिका जमविणाऱ्या मोजक्या शौकिनांपुरतेंच उरलें असतें, असें मानण्यास पुष्कळ आधार आहे. नांवानें अर्धसत्य सांगितलें असेल. पण त्या अर्धसत्यानें उरलेलें सत्य शोधणाऱ्यांस दाराशीं आणून सोडलें. पुढें वगळलेली बारावी रचना परत सामील झाली. १९९८ च्या आवृत्तींत रॉयल रूस्टमधून नभोवाणीवर प्रक्षेपित झालेलें त्या सप्टेंबरचें वादनही जोडलें गेलें, आणि आरंभींचा तो अनादर पावलेला प्रयोग पन्नास वर्षांनीं श्रोत्यांच्या कानीं आला. मूळ स्वरलेख गहाळ झाले आहेत अशी समजूत होती. म्हणून मलिगननें १९९२ सालीं 'रि-बर्थ ऑफ द कूल' हा नवा आल्बम केला तेव्हां रचना जुन्या मुद्रिकांवरून पुन्हां लिहून काढाव्या लागल्या. डेव्हिस १९९१ सालीं वारला होता. त्याच्या मागें राहिलेल्या सामानांत ते जुने स्वरलेख सांपडले, आणि २००२ सालीं ते छापून प्रसिद्ध झाले. आतां जगांतल्या कोणत्याही शहरांतील नऊ विद्यार्थ्यांनीं एकत्र बसावें आणि तें संगीत वाजवावें. आणि त्या छापील कागदांवर प्रत्येक रचनेच्या माथ्यावर तिच्या बांधणाराचें नांव आहे. पाटीवरून गळालेलीं नांवें अशा रीतीनें पुनः जागेवर आलीं.

यावरून निघणारा बोध आम्हांस असा दिसतो. कोणताही संग्रह हा एक प्रकारचा इतिहासग्रंथ असतो, मग तो पोथ्यांचा असो, पोवाड्यांचा असो वा तबकड्यांचा. निवड करतांना तो मत देतो, क्रम लावतांना तो कथा सांगतो, आणि शीर्षक ठेवतांना तो निकाल लिहितो. त्याचे उपकार घ्यावेत, पण निकाल मात्र मूळ कागद पाहिल्याखेरीज कायम करूं नये. मुखपृष्ठ बाजूस ठेवून त्या अकरा रचना एकएकट्या ऐकाव्या, बैठकींच्या क्रमानें लावून ऐकाव्या, ट्यूबा कोण वाजवितो आणि हॉर्न कोणाच्या हातीं आहे हें विचारीत ऐकाव्या. म्हणजे 'कूल' या एका शब्दाच्या आड सोळा माणसांचा श्वास ऐकूं येतो. बारशाचें नांव व्यवहारास पुरतें. वंशावळ समजून घ्यावयाची तर घरांतल्या सर्वांचीच चौकशी करावी लागते.